पत्र हातांतून सुटलें केव्हां?

पत्र लिहून झालें, पाकिटांत घातलें, तिकीट लावलें आणि टपालपेटीच्या फटींतून आंत सोडलें, कीं 'टप्' असा एक आवाज येतो. त्या आवाजाबरोबर पत्रावरची आपली सत्ता संपली, अशी आपल्या सर्वांची समजूत आहे. त्यापूर्वीं तें फाडून टाकतां येतें, त्यांत दोन ओळी वाढवितां येतात, नाहीं तर खिशांत चार दिवस विसरतांहि येतें. त्यानंतर यांतलें कांहींच करतां येत नाहीं. पत्रव्यवहाराचीं साधनें आजवर कितीदां तरी बदललीं. पण लिहिणाऱ्याच्या हातांतून पत्र सुटण्याचा हा क्षण प्रत्येक साधनांत कायम राहिला. फरक एवढाच पडला कीं, तो नेमका कोणता हें ओळखणें दिवसेंदिवस कठीण होत गेलें. संगणकावरून ई-मेल धाडणाऱ्याला तर तो 'टप्' आवाजहि ऐकूं येत नाहीं. 'सेंड' या बटणावर बोट दाबलें कीं पत्र गेलें असें तो समजतो. आणि कित्येकदां तें पत्र त्याच्याच यंत्रांतल्या 'आउटबॉक्स' नांवाच्या पेटींत निवांत पडून असतें.

श्रोतेहो, ही पेटी मुळांत आली कोठून, आणि 'जोडणी असतांच तत्काळ पाठवा' अशा अर्थाचा जो एक लहानसा चौकोन अशा प्रोग्रॅममध्यें असतो त्यावर खूण करावी कीं करूं नये, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे. विषय दिसावयास यंत्राचा आहे. परंतु त्याचीं मुळें व्यापार, कायदा आणि काटकसर या तीन जुन्या गोष्टींत आहेत. म्हणून प्रथम यंत्र बाजूला ठेवून दोनशें वर्षांपूर्वींच्या एका खटल्याकडे वळूं.

सप्टेंबर १८१७ मधील ही गोष्ट. इंग्लंडांतील सेंट आइव्ह्ज येथील लिंडसेल या लोकरीच्या व्यापाऱ्यांनीं २ तारखेस ब्रॉम्सग्रोव्ह येथील ॲडम्स यांना पत्र धाडून लोकर विकण्याची तयारी कळविली, आणि उत्तर उलट टपालीं मागितलें. पत्त्यांत परगणा चुकला. वूस्टरशायरच्या जागीं लीस्टरशायर असें लिहिलें गेल्यामुळें पत्र भलतीकडे फिरून ५ तारखेच्या संध्याकाळीं पोंचलें. ॲडम्स यांनीं त्याच संध्याकाळीं होकाराचें पत्र टपालांत टाकलें. तें ९ तारखेस लिंडसेल यांच्या हातीं आलें. पण ७ तारखेपर्यंत उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा होती. तें न आल्यामुळें ८ तारखेस त्यांनीं लोकर दुसऱ्याला विकून टाकली होती. मग करार झाला होता कीं नव्हता? १८१८ सालीं न्यायालयानें निकाल दिला तो ॲडम्स यांच्या बाजूनें. एकानें होकार कळवावा, तो मिळाल्याचें दुसऱ्यानें कळवावें, तें कळल्याचें पुन्हां पहिल्यानें कळवावें, अशी वाट पाहत बसल्यास टपालानें कोणताहि सौदा कधींच पुरा होणार नाहीं, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. टपालपेटींतल्या त्या लहानशा आवाजाला कायद्याच्या राज्यांत मानाचें स्थान मिळालें तें येथून.

आपल्या देशांत टपाल सर्वांच्या आटोक्यांत आलें तें १८५४ पासून. त्या वर्षींच्या नव्या कायद्यानें देशभर एकच दर ठरला. पाव तोळा वजनाचें पत्र अर्ध्या आण्यांत मुंबईहून कलकत्त्याला जाऊं लागलें, आणि अंतराप्रमाणें हंशील मोजण्याची कटकट संपली. पाठोपाठ १८५५ सालीं तारायंत्र सर्वसामान्य लोकांसाठीं खुलें झालें. एकाच पिढीच्या हातीं अशा रीतीनें दोन वेग आले: स्वस्त पण सावकाश जाणारें पत्र, आणि महाग पण धांवती तार. आमच्या घरोघरीं तारवाला दिसतांच छातींत धस्स होई, त्याचें कारण यांतच आहे. शब्दाशब्दाला पैसे मोजून जें कळवावयाचें तें साधारणतः मृत्यूचें, आजाराचें किंवा तातडीच्या बोलावण्याचें असे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली.

या दोन वेगांचा परस्परांशीं संबंध काय, हा प्रश्न १८७२ च्या करारांच्या कायद्यानें मोठ्या कुशलतेनें सोडविला आहे. त्याच्या चौथ्या व पांचव्या कलमांत दोन वेगळे क्षण मानलेले आहेत. होकार देणाऱ्यानें आपला होकार स्वतःच्या ताब्याबाहेर जाईल अशा रीतीनें रवाना केला, कीं ज्यानें प्रस्ताव मांडला तो बांधला जातो. त्याला आतां माघार नाहीं. होकार देणारा स्वतः मात्र तो होकार समोरच्याला पोंचेपर्यंत मोकळा असतो. म्हणजे टपालानें होकार धाडल्यावर मन बदललें, तर पत्र पोंचण्यापूर्वीं अथवा निदान पत्राच्या बरोबरीनें तार पोंचवून तो परत घेण्याची मुभा आपल्या कायद्यानें दिली आहे. इंग्लंडांतील नियमाहून आपला नियम येथें उदार आहे. पुढें आपल्याला 'ताब्याबाहेर' हा शब्द पुन्हां लागणार आहे. श्रोत्यांनीं तो लक्षांत ठेवावा.

साधन बदललें कीं हा क्षण पुन्हां शोधावा लागतो, याचें उदाहरण वऱ्हाडांतलेंच आहे. खामगांवच्या केडिया जिनिंग फॅक्टरी आणि ऑइल मिल्स यांच्याशीं अहमदाबादच्या एका पेढीनें १९५९ सालीं सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर केला. माल मिळाला नाहीं म्हणून तंटा उभा राहिला, आणि दावा अहमदाबादेस चालावा कीं खामगांवास, हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रस्ताव अहमदाबादेहून आला होता. होकाराचे शब्द खामगांवीं उच्चारले गेले होते. १९६५ सालीं बहुमतानें असें ठरलें कीं, टेलिफोनवर दोघे जणूं समोरासमोरच बोलत असतात, म्हणून होकार जेथें ऐकूं गेला तेथें करार झाला; अर्थात् अहमदाबादेस. न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांचें मत याहून भिन्न पडलें. १८७२ च्या कायद्याचे शब्द जसेच्या तसे वाचल्यास, खामगांवीं शब्द तोंडांतून निघतांच ते बोलणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेले, असें त्यांचें म्हणणें होतें. एका तारेच्या दोन टोकांपैकीं कोणतें टोक महत्त्वाचें, यावर एवढ्या थोर न्यायाधीशांचेंहि एकमत झालें नाहीं. मग घरीं बसून ई-मेल लिहिणाऱ्या सामान्य माणसाचा गोंधळ उडाला तर नवल काय?

आतां त्या ई-मेलकडे येऊं. एकाच संगणकावर पाळीपाळीनें काम करणाऱ्या लोकांनीं एकमेकांसाठीं निरोप ठेवण्याची सोय अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें १९६५ च्या सुमारास झाली होती. पण एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, जाळ्यामधून, पत्र धाडण्याचें काम १९७१ सालीं केंब्रिज येथील रे टॉमलिन्सन यांनीं केलें. गंमत अशी कीं, तीं दोन यंत्रें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं उभीं होतीं. परंतु त्यांची जोडणी जाळ्यांतूनच होती. माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें जें वेटोळ्याचें चिन्ह आज आपण घालतों तेंहि त्यांचेंच.

पुढें १९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं या टपालाचे नियम एका दस्तऐवजांत मांडले. ते वाचतांना जुन्या टपाल-कचेरींतल्या खिडकीशीं चाललेला संवाद ऐकल्यासारखें वाटतें. पाठविणारें यंत्र प्रथम आपलें नांव सांगतें. मग पत्र कोणाकडून आहे तें सांगतें, कोणासाठीं आहे तें सांगतें. आणि प्रत्येक वाक्यावर समोरचें यंत्र एक तीन आंकडी संख्या उच्चारून मान डोलावतें. नंतर मजकूर जातो. मजकूर संपला हें कळविण्यासाठीं एका स्वतंत्र ओळीवर केवळ एक टिंब धाडावयाचें. त्या टिंबाला उत्तर म्हणून समोरून २५० ही संख्या आली, कीं पत्र पुढें पोंचविण्याची, अथवा तें पोंचलें नाहीं तर तसें कळविण्याची जबाबदारी समोरच्या यंत्रानें पत्करली, असा त्याचा अर्थ. टपालपेटींतला 'टप्' आवाज तो हाच. तो होतो, पण दोन यंत्रांच्या बोलण्यांत होतो. आपल्या कानांवर येत नाहीं.

हा व्यवहार निरोप सांठवून पुढें ढकलण्याचा आहे, हें येथें ध्यानांत घ्यावें. प्रत्येक ठाण्यावर पत्र क्षणभर थांबतें, आणि पुढचें ठाणें बंद असल्यास तेथेंच वाट पाहतें. पुढच्या काळांत सुधारलेल्या नियमांप्रमाणें मध्यल्या ठाण्यानें कांहीं वेळ जाऊं देऊन पुन्हां पुन्हां प्रयत्न करावा, आणि साधारणतः चार-पांच दिवसांनंतरच हात टेकावेत, अशी अपेक्षा आहे. आपल्या स्वतःच्या संगणकांतील आउटबॉक्स हें या वाटेवरचें पहिलें ठाणें होय. बाकीचीं ठाणीं परक्याच्या मालकीचीं; हें एकच आपल्या घरांतलें.

तें घरांत कां आलें? याचें उत्तर टेलिफोनच्या बिलांत आहे. इलिनॉय विद्यापीठांत स्टीव्ह डॉर्नर यांनीं १९८८ सालीं मॅकिंटॉश संगणकासाठीं 'युडोरा' नांवाचा पत्रांचा प्रोग्रॅम तयार केला. टपाल-कचेरींत मुक्काम ठोकणाऱ्या एका बाईची कथा लेखिका युडोरा वेल्टी यांनीं लिहिली होती. दिवसरात्र पत्रांच्या ढिगाऱ्यांत बसून आपलीहि गत तशीच झाली असें वाटून डॉर्नर यांनीं हें नांव घेतलें. या प्रोग्रॅमांत एक निवड ठेवलेली होती. 'तत्काळ पाठवा' या शब्दांपुढें खूण असली तर बटण दाबतांच पत्र निघे. खूण काढली तर तेंच बटण पत्राला रांगेंत उभें करी, आणि पुढें केव्हां तरी सारी रांग एकदम सुटे.

ज्यांनीं त्या काळीं संगणक वापरला त्यांना या रांगेचें महत्त्व सांगावयास नको. आपल्याकडे विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वांसाठीं खुलें केलें. घरच्या टेलिफोनची तार मोडेमला जोडावयाची, क्रमांक फिरवावयाचा, ती किंचाळी आणि खरखर ऐकत बसावयाचें. एवढें होऊन जोडणी मिळाली तरी टेलिफोनचा आंकडा चढत असे, आणि तेवढा वेळ घरांत दुसऱ्या कोणाचा फोन येऊं शकत नसे. अशा स्थितींत जोडणी चालूं ठेवून सावकाश पत्र लिहीत बसणें म्हणजे टांगा दाराशीं उभा करून आंत स्वयंपाकाला बसण्यासारखेंच होतें. शहाणी माणसें आधीं सगळीं पत्रें लिहून आउटबॉक्समध्यें ठेवीत, मग जोडणी करीत, दोन मिनिटांत सारीं रवाना करीत, आलेलीं उतरवून घेत आणि तार सोडवीत. मायक्रोसॉफ्टच्या 'आउटलुक एक्सप्रेस' मध्यें तर पत्रांची देवघेव होतांच टेलिफोन आपोआप खालीं ठेवण्याचीहि सोय होती. ही पेटी म्हणजे त्या काळच्या काटकसरीची खूण. ती आळसानें निर्माण झाली नाहीं, गरजेनें झाली.

पुढें गरज गेली. अखंड जोडणी आली आणि मिनिटांचा हिशोब संपला. पेटी मात्र राहिली, आणि तिच्याबरोबर ती खूणहि राहिली. आउटलुकच्या जुन्या वळणाच्या डेस्कटॉप आवृत्तींत 'फाइल', 'ऑप्शन्स' आणि 'ॲडव्हान्स्ड' या वाटेनें गेलें असतां 'सेंड अँड रिसीव्ह' या भागांत 'सेंड इमीजिएटली व्हेन कनेक्टेड' असा चौकोन सांपडतो. तेथें खूण असली म्हणजे बटण दाबतांच पत्र पुढच्या ठाण्याकडे निघतें. खूण नसेल तर तें आउटबॉक्समध्यें बसतें, आणि ठराविक वेळेच्या देवघेवीची वाट पाहतें. ती वेळ मूळ नेमणुकीप्रमाणें दर ३० मिनिटांची असते. ही ठराविक देवघेवहि कोणी बंद केलेली असेल, तर मालक स्वतः आज्ञा देईपर्यंत पत्र हलत नाहीं. 'वर्क ऑफलाइन' हें बटण चुकून दाबलें गेलें असल्यास खूण असूनहि तें निघत नाहीं. आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आउटबॉक्समध्यें सुटण्याच्या तयारींत असलेल्या पत्राचें नांव तिरप्या अक्षरांत दिसतें. तें कुतूहलानें उघडून पाहिलें आणि तसेंच मिटलें, तर अक्षरें सरळ होतात आणि पत्र रांगेंतून बाहेर पडतें. पुन्हां 'सेंड' दाबल्याखेरीज तें जात नाहीं. पत्र गेलें कीं नाहीं हें पाहावयास जावें, आणि पाहण्यानेंच तें अडावें, असा हा प्रकार! 'थंडरबर्ड' या दुसऱ्या प्रोग्रॅमांतहि 'नंतर पाठवा' अशी आज्ञा आहे, आणि तीहि पत्राला आउटबॉक्सचाच रस्ता दाखविते.

आतां कोणी म्हणेल, अर्धा तास उशीर झाला तर बिघडलें काय? पुष्कळ वेळां कांहींच बिघडत नाहीं. पण कंत्राटाची निविदा पांच वाजेपर्यंत मागविलेली असते, नोकरीचा अर्ज अमुक तारखेच्या आंत हवा असतो, घराच्या सौद्याला होकार आजच द्यावयाचा असतो. अशा वेळीं 'मीं साडेचारला बटण दाबलें होतें' हें म्हणणें कितपत टिकेल? आपल्या संसदेनें २००० सालीं केलेल्या माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यांत याचें उत्तर आहे. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणें, उभयतांनीं वेगळें कांहीं ठरविलें नसेल तर, पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक-साधनांत मजकूर शिरला म्हणजे तो रवाना झाला असें समजावयाचें. श्रोतेहो, १८७२ च्या कायद्यांतला तोच 'ताब्याबाहेर' शब्द १२८ वर्षांनीं पुन्हां पुढें आला आहे! मधल्या काळांत टेलिफोन आला, संगणक आला. पण कायद्याची कसोटी बदलली नाहीं. पत्र अजून तुमच्या हातांत आहे काय, एवढेंच कायदा विचारतो. या कसोटीला लावलें तर आउटबॉक्समधलें पत्र खिशांतल्या पत्रासारखेंच ठरतें. तुम्ही तें लिहिलें आहे, पत्ता घातला आहे, मनानें पाठविलेंहि आहे. पण तें गेलेलें नाहीं.

याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. थांबा नाहींसा झाला तशी माणसांना त्याची आठवण होऊं लागली. रागाच्या भरांत लिहिलेलें उत्तर, चुकीच्या माणसाला गेलेला हिशोब, जोडावयाचा कागद न जोडतांच सुटलेलें पत्र, हीं दुःखें तत्काळ पाठविण्यांतून वाढलीं. टपालाच्या काळांत रागावलेल्या माणसाला पेटीपर्यंत चालत जावें लागे, आणि तेवढ्या चालण्यांत निम्मा राग उतरे. म्हणून गूगलच्या जीमेलनें २००९ सालीं प्रयोगादाखल, आणि २०१५ सालीं रीतसर, पाठविलेलें पत्र मागें घेण्याची सोय दिली. तिची मुदत फार तर ३० सेकंदांची. खरें पाहतां येथें गेलेलें पत्र परत येत नाहीं. तें तेवढा वेळ सोडलेलेंच नसतें. आउटलुकमध्येंहि असा नियम करून ठेवतां येतो कीं, प्रत्येक पत्र कांहीं मिनिटें अडवून मगच सोडावें. ही अडवणूक १२० मिनिटांपर्यंत वाढवितां येते. पैशासाठीं जी रांग आपण पूर्वीं लावीत होतों तीच आतां विवेकासाठीं पुन्हां लावूं लागलों आहों.

मग खूण करावी कीं न करावी? माझें मत असें आहे कीं, 'तत्काळ पाठवा' ही खूण असूं द्यावी. थांबावयाचें असेल तर तें आपण जाणून ठरवावें: दोन मिनिटें म्हणजे दोन मिनिटें, पांच म्हणजे पांच, आणि तसा नियम स्पष्ट करून ठेवावा. कोणी केव्हां तरी काढलेल्या खुणेमुळें पत्र अडून राहणें याला सावधपणा म्हणत नाहींत. आणि पत्र महत्त्वाचें असेल तर बटण दाबून लगेच उठूं नये. आउटबॉक्स रिकामा झाला आणि पत्र 'सेंट' म्हणजे गेलेल्या पत्रांच्या कप्प्यांत दिसूं लागलें, एवढें पाहावें. त्यावरून समोरच्यानें तें वाचलें असें सिद्ध होत नाहीं. पुढच्या ठाण्यानें तें स्वीकारलें, इतकेंच कळतें. तें पोंचूं शकलें नाहीं तर तशी सूचना उलट येते. तीहि न वाचतां पुसून टाकूं नये.

आपले वाडवडील महत्त्वाचें पत्र मुलाच्या हातीं देतांना दोनदां बजावून सांगत, 'पेटींत टाकलेंस ना रे?' आणि मुलगा खेळून घरीं आला कीं पुन्हां एकदां त्याचे खिसे चांचपून पाहत. यंत्र आज्ञाधारक असलें तरी त्या मुलासारखेंच आहे. त्यालाहि तो प्रश्न विचारीत जावें.